भाऊजींच्या कागदावर सही करू का?

पत्र:

सप्रेम सलाम. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, मिशनच्या काळापासूनची. दोन वर्षांपूर्वी नवे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, बदलून आले. त्यांनी भक्तीची वेळ दहावरून साडेआठवर आणली, पेटी-तबल्याच्या जोडीला तरुणांचा गिटार आणि कीबोर्ड आणला, हॉलच्या दुरुस्तीसाठी फंड जमवला. त्या फंडाचा हिशोब अजून मंडळीपुढं वाचलेला नाही. माझे मोठे दीर पूर्वी मंडळीचे खजिनदार होते. दर गुरुवारी त्यांच्या खोलीत प्रार्थनासभा असते. आता तिथं प्रार्थना थोडी आणि पाळकसाहेबांचाच विषय जास्त. "पैसे खाल्ले" असं भाऊजी सगळ्यांसमोर बोलतात. बिशपसाहेबांना द्यायला कागद तयार झालाय, सह्या घेणं चालू आहे. मी महिला मंडळाची सेक्रेटरी, म्हणून माझी सही त्यांना हवीच आहे. पाळकसाहेबांच्या बाजूचे लोक म्हणतात, देवाच्या अभिषिक्ताला, म्हणजे त्याने नेमलेल्या माणसाला, बोलाल तर मोशेविरुद्ध उठून जमिनीत गडप झालेल्या कोरहासारखी गत होईल. परवा मंडळीतली एक आजी वारली, तर मातीलासुद्धा दोन गट दोन बाजूंना उभे. माझी मुलगी दृढीकरणाच्या वर्गात आहे, ते झालं की प्रभुभोजन घेता येतं. ती म्हणते, मला नको प्रभुभोजन, सगळे खोटारडे आहेत. पैशाची गोष्ट मी स्वतः दोन मैत्रिणींना सांगितली, प्रार्थनेचा विषय म्हणून. घर एकच, चूल एकच. आमचे हे म्हणतात, दादाचं मन मोडू नकोस, करून टाक सही. करू का? पाळकांविरुद्ध बोलणं पाप आहे का? की सरळ दुसऱ्या मंडळीत जावं?
एक भगिनी

उत्तर:

भगिनी, सलाम.

सही करू नका. हिशोब मात्र मागा. दोन्ही करायचंय, आणि तुमच्या घरात राहून त्यातलं पहिलंच जास्त जड जाणार आहे, हे मला कळतंय.

कागदात काय लिहिलंय ते तुम्ही कळवलेलं नाही. बहुधा तो तुम्हाला नीट वाचायलाही दिलेला नसावा, नुसता सहीच्या जागेवर बोट ठेवून पुढं केला असावा. असे कागद कसे असतात ते कोणत्याही जुन्या पंचाला विचारा. पहिल्या कलमात भक्तीची वेळ, दुसऱ्यात गिटार, तिसऱ्यात पाळकबाई संडेस्कूलला येत नाहीत, चौथ्यात पाळकसाहेब अमक्याच्याच घरी जेवायला जातात, आणि पाचव्यात हळूच पैशाचा अपहार. आवडीनिवडीच्या चार तक्रारी आणि चोरीचा एक आरोप, सगळं एका पानावर, एका सहीखाली. ज्याला फक्त सकाळी साडेआठला उठवत नाही, तोही खाली सही करून पाळकाला चोर ठरवून बसतो. घरी जाऊन जेवतो आणि विसरतो. ज्याच्यावर आरोप झाला तो विसरत नाही.

तेव्हा आधी हे दोन गठ्ठे वेगळे करा. वेळ आणि वाद्यं हा चर्चेचा विषय आहे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत मांडा, हात वर करून मोजा, हरलात तर साडेआठला या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या गीतांवर गिटार वाजतो याचा भाऊजींना राग असेल, तर त्यांना आठवण करून द्या की टिळकांच्या आधी आपल्या गीतसंग्रहांत विलायती चालींवरच्या भाषांतरांची मोठी भरती होती. अभंग-ओवीच्या वळणाची गीतं हीसुद्धा कधीतरी नवीनच होती. गंमत म्हणजे तुमचे दोन्ही गट रविवारी तीच गीतं म्हणत असणार, एकमेकांकडे पाठ करून.

पैशाचं तसं नाही. तिथं मला तुमच्या भाऊजींची बाजू अर्धी पटते, आणि ते आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकून घ्याल. मंडळीकडून फंड जमवला तर हिशोब मंडळीपुढं यायला हवा, कोणी मागायच्या आधी यायला हवा. खुद्द प्रेषित पौलाने हे पाळलं. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी तो मंडळ्यांतून मदत गोळा करत होता. ती रक्कम पोचवायला त्याने आपला सोबती तीत याच्याबरोबर आणखी एक भाऊ पाठवला, तोही मंडळ्यांनी निवडलेला. एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणी आम्हाला दोष देऊ नये म्हणून ही खबरदारी, असं तो करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात स्वच्छ लिहितो. देवापुढं चोख असणं पुरेसं नाही, माणसांपुढंही चोख दिसायला हवं, असं त्याचं म्हणणं. प्रेषिताला जे कमीपणाचं वाटलं नाही, ते तालुक्याच्या पाळकाला वाटू नये. उशीर झाला हा पाळकसाहेबांचा आणि सध्याच्या खजिनदारांचा दोष आहे. पण हिशोब न वाचणं आणि पैसे खाणं यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर भाऊजींनी एका गुरुवारी उडी मारून पार केलं. स्वतः खजिनदार राहिलेल्या माणसाने तरी ते करायला नको होतं. पावतीपुस्तकं जुळेपर्यंत हिशोब कसा लांबतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आता अभिषिक्ताचं. पाळकांविरुद्ध बोलणं पाप आहे का, हे तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण या एका वचनाने आपल्याकडे बरेच हिशोब दाबून ठेवलेत. 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' ही ओळ १०५ व्या स्तोत्रातली. संदर्भ वाचा. ती अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल आहे. ते देशोदेशी परके म्हणून फिरत होते, तेव्हा देवाने त्यांच्यासाठी राजांना दम दिला, असं स्तोत्र सांगतं. दुबळ्यांच्या बाजूने सत्तेला दिलेली ती ताकीद आहे. ती उलटी फिरवून वर्गणी देणाऱ्या विधवेला गप्प बसवायला वापरणं मला पटत नाही. दाविदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला, तो अभिषिक्त म्हणून, हात लावला नाही हे खरं. पण तो गप्पही बसला नाही. एन-गेदीच्या गुहेतून बाहेर आला, राजाच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून त्याने सगळ्यांदेखत हाक मारली आणि माझा काय अपराध म्हणून तोंडावर विचारलं. अंत्युखियात प्रेषित पेत्र चुकला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर, सगळ्यांसमोर अडवलं. आणि कोरहाचं म्हणाल, तर त्याने हिशोब मागितला नव्हता. त्याला याजकपद हवं होतं, आणि त्याने त्यासाठी अडीचशे माणसं जमवली होती.

म्हणजे बोलायला हरकत नाही. कुठं, कोणाकडे आणि कोणाच्या पाठीमागं बोलता यावर सगळं आहे. तुमच्या गुरुवारच्या सभेत पाळकसाहेब नसतात. तिथंच गोष्ट नासली.

करिंथच्या मंडळीचं उदाहरण आपण सगळे पाठ असल्यासारखं ऐकतो. तिथं गट पडले होते: मी पौलाचा, मी उपदेशक अपुल्लोसाचा, मी केफाचा म्हणजे पेत्राचा, आणि चौथा सगळ्यांत शहाणा, मी ख्रिस्ताचा. पण त्या पत्रातल्या दोन गोष्टींकडे आपलं लक्ष जात नाही. एक, पौल म्हणत नाही की 'असं कानावर आलंय'. ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांकडून कळलं, असं नाव घेऊन लिहितो. ज्यांनी सांगितलं त्यांनाही माहीत की आपलं नाव पुढं येणार. तुमच्याकडची पैशाची गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली, याचा माग काढून बघा. तिसऱ्या-चौथ्या माणसापाशी तो तुटेल. दुसरी गोष्ट शेवटच्या अध्यायात दडली आहे. पौल लिहितो, अपुल्लोसाला मी तुमच्याकडे यायची फार विनंती केली, पण तूर्त त्याला यायचं नव्हतं. ज्यांच्या नावाने करिंथात गट पडले ते दोघे आपसांत भांडत नव्हतेच! एक दुसऱ्याला 'जा, तुझी तिथं गरज आहे' म्हणत होता. भांडत होते ते त्यांचे भक्त. आपल्याकडच्या बऱ्याच गटांचं असंच असतं. पुढारी लग्नकार्यात एका पंगतीला हसत जेवतात आणि त्यांच्यासाठी ज्यांनी बोलणं सोडलं ते कोपऱ्यात उभे राहून बघतात.

भाऊजींच्या मनात काय आहे मला माहीत नाही, पण एक प्रश्न त्यांना नक्की विचारण्यासारखा आहे. पाळकसाहेबांची उद्या बदली झाली, तर गुरुवारची सभा बंद होईल का? माझा अंदाज आहे, होणार नाही. एका पाळकाविरुद्ध बांधलेला गट दुसऱ्या पाळकाची वाट पाहत बसतो. नवीन माणूस सामान उतरवत असतानाच एक गट चहा घेऊन येतो, दुसरा तासाभराने येतो, आणि कोणाचा चहा आधी प्यायला यावरून तो कोणाचा हे ठरतं. त्याला मंडळीची ओळख व्हायच्या आधी भांडणाची ओळख होते. शिवाय आपल्याकडे या गटांच्या खाली जुने गट असतात. कोणाचा आजा कुठल्या गावचा, कोण कुठल्या वाड्यातून प्रभूकडे आला, कोणाचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि कोणाचे मिशनच्या शेतावर. वरवर वाद गिटारचा असतो आणि बाजू घेताना माणसं शंभर वर्षांपूर्वीच्या वेशीवर जाऊन उभी राहतात. तुमच्या गावात कोण कोणत्या गटात आहे त्याची यादी मनात करा. मी इथं जास्त लिहीत नाही, तुम्हाला दिसेल.

हे सगळं कोणाच्या माथी येतं? ज्यांना भांडणाची हौस आहे त्यांच्या माथी येत नाही. त्यांना गुरुवार असतो, चहा असतो, आपण काहीतरी मोठं करतोय याची धुंदी असते. येतं ते बाकीच्यांच्या माथी. ज्या आजींना माती दिलीत, त्यांच्या लेकीसुनांनी कबरीशी उभं राहून कोणाकडे बघायचं? एका बाजूच्या लोकांनी गीत धरलं आणि दुसरी बाजू गप्प राहिली, असं तुमच्याकडे झालं असेल तर ते त्या घराच्या कायम लक्षात राहील. गरीब फंडातून औषधपाणी मिळणाऱ्या विधवा कोणत्याच गटात नसतात. दोन्ही गट एकमेकांना अडवण्यासाठी वर्गणी थांबवतात तेव्हा पहिली झळ त्यांना लागते. पाळकाचा पगार नंतर थांबतो. मंडळीत नुकतं आलेलं एखादं कुटुंब, ज्याने यासाठी आपल्या भावकीशी नातं तोडलं, ते मागच्या बाकावर बसून बघतं की इथंही भावकीच आहे. गावातले हिंदू-मुसलमान शेजारी काही बोलत नाहीत, पण कंपाउंडमधला आवाज रस्त्यावर ऐकू येतो.

आणि मग कागद वाढतात. एका कमिटीच्या दोन कमिट्या होतात. मंडळी ज्या ट्रस्टखाली येते त्याचा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा कागद, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो, दुसरी बाजू हरकत घेते, तारखा पडतात. बँकेला दोन पत्रं जातात, दोन्हींवर 'अध्यक्ष' म्हणून वेगवेगळ्या सह्या, आणि बँक खातं थांबवते. चर्चचं वीजबिल कोण भरणार? मिशनच्या काळात गावाबाहेर घेतलेल्या जागा आज भर वस्तीत आल्या आहेत. जिथं मंडळी दुभंगलेली असते तिथं त्या जागांवर डोळा ठेवणाऱ्यांना फार कष्ट पडत नाहीत, एका गटाला हाताशी धरलं की पुरतं. पौलाने करिंथकरांना बजावलं होतं की भावाने भावाला अविश्वासी लोकांच्या न्यायासनापुढं ओढू नये. आपण तिथं वकीलपत्रं घेऊन रांगेत उभे असतो.

करिंथकर सुधारले का? नाही सुधारले. पौलाच्या पत्रानंतर साधारण चाळीस वर्षांनी, इ. स. ९६ च्या सुमारास, रोमच्या मंडळीला त्याच करिंथला पुन्हा पत्र लिहावं लागलं. ते क्लेमेंटचं पत्र म्हणून ओळखलं जातं. काही लोकांनी चिथावून, ज्यांचा दोष नव्हता अशा वडिलांना, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, पदावरून काढलं होतं. त्यात लिहिलंय की तुमच्या फुटीने कितीजणांची वाट चुकली, कितीजण खचले, कितीजणांच्या मनात शंका शिरली, आणि तरीही तुमचं भांडण चालूच आहे. पण मला त्या पत्रातली दुसरी एक जागा जास्त लागते. फुटीला जो कारण झाला असेल त्याने काय म्हणावं, ते तिथं सांगितलंय. माझ्यामुळे भांडण आणि फूट पडली असेल तर मी बाजूला होतो, तुम्ही म्हणाल तिकडे जातो, ख्रिस्ताचा कळप मात्र आपल्या वडिलांसह शांततेत राहो. असं म्हणणारा एकही पंच मला आजवर भेटलेला नाही. पाळकही फारसे भेटले नाहीत, हेही लिहून ठेवते.

आपलीच दुसरी गोष्ट सांगते. १९२९ साली उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्यांनी एक होण्याची बोलणी सुरू केली. बाप्तिस्मा बाळाला द्यायचा की मोठ्याला, बिशप असावा की नसावा, असे खरोखरीचे मतभेद होते, तुमच्या गिटारपेक्षा कितीतरी जड. बोलणी चार दशकं चालली. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. एकत्र यायला एवढा काळ लागला. फुटायला एक गुरुवार पुरतो.

आता तुमच्याकडे येते. मैत्रिणींना ती गोष्ट 'प्रार्थनेचा विषय म्हणून' सांगितलीत, हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत, म्हणून मला तुमची आशा आहे. आपल्या बायकांच्या प्रार्थनासभांत हा मार्ग फार चालतो. 'बाई, प्रार्थना करा हं, पाळकसाहेबांबद्दल असं असं ऐकलंय.' प्रार्थना होवो न होवो, बातमी पोचते. नीतिसूत्रे २६ मध्ये म्हटलंय की लाकडं संपली की विस्तव विझतो आणि चहाडखोर नसला की भांडण थांबतं. तुम्ही दोन काटक्या टाकल्यात, त्या काढून घ्या. दोघींकडे जा, फोनवर नको, आणि म्हणा, 'मी जे सांगितलं त्याला माझ्याकडे पुरावा नाही, मी बोलायला नको होतं, तुम्ही कोणाला सांगितलं असेल तर त्यांनाही हे सांगा.' लाज वाटेल. दोघींपैकी एक तरी म्हणेल, 'अगं, पण खरंच खाल्लेत म्हणे.' तेव्हा विचारा, कोण म्हणे?

याकोबाच्या पत्रातला जिभेवरचा अध्याय महिला मंडळात वाचायला घ्या असं सुचवणार होते, पण नको. सध्याच्या हवेत प्रत्येक बाईला वाटेल की तो समोरच्या गटातल्या बाईसाठी वाचला.

हिशोबासाठी असं करा. आधी पाळकसाहेबांना भेटा, एकट्या नको, महिला मंडळाची एखादी वयस्क सभासद बरोबर घ्या, जी कोणत्याच गटात नाही. मत्तय १८ मध्ये प्रभूने हीच वाट घालून दिली आहे. आधी त्याला एकांतात सांग, ऐकलं नाही तर एक-दोन जण बरोबर ने, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. भाऊजी थेट शेवटच्या पायरीच्याही पलीकडे, बिशपांकडे निघालेत. तुम्ही पहिलीपासून चढा, सोबत एक बाई असली तरी बोलणं खासगीतच ठेवा. साधं विचारा: फंडाचा हिशोब कधी वाचला जाणार, तारीख सांगाल का? आवाजात आरोप नको. तारीख मिळाली तर थांबा. नाही मिळाली तर पास्टरेट कमिटीच्या सेक्रेटरींना एका पानाचं पत्र द्या आणि पोच घ्या. एकच मागणी लिहा: जमा, खर्च, शिल्लक, पावत्या तपासायला दोन माणसं, आणि त्यांपैकी एक हिशोब न मिळाल्याने नाराज असलेल्यांपैकी. यरुशलेमेत विधवांच्या रोजच्या वाटपात दुजाभाव होतो अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती, तेव्हा प्रेषितांनी त्यांना बंडखोर म्हटलं नाही. सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप, सगळ्यांची नावं ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटप दिलं. तुमच्या पाळकसाहेबांना एवढं शहाणपण सुचलं तर ते स्वतःच भाऊजींना बोलावून म्हणतील, 'खजिनदारसाहेब, पावत्या तुम्हीच तपासा.' हे त्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

भाऊजींना सही नाकारताना लांबण लावू नका, वचनं तर अजिबात फेकू नका. 'भाऊजी, हिशोब मागायला मी तुमच्याबरोबर आहे, त्याचं पत्र मी माझ्या नावाने देते. पैसे खाल्ले हे मी पाहिलेलं नाही, त्यावर सही करत नाही.' बस. महिला मंडळाच्या सेक्रेटरी म्हणून तर नाहीच, कारण ते पद मंडळाचं आहे आणि मंडळाची सभा घेऊन ठराव झालेला नाही. हे तांत्रिक कारण तुमच्या मिस्टरांना जास्त पटेल, पुरुषांना ठराव कळतो. तुमचे मिस्टर दादाचं मन जपू म्हणतात ते चांगलंच आहे, पण त्यांना विचारा, उद्या चौकशीत हा आरोप खोटा ठरला तर दादाची अब्रू कशी जपणार आहात? एखाद्याला खोट्या सहीपासून अडवणं हेसुद्धा भावाचंच काम आहे. जाऊबाईंशी या विषयावर एक शब्द बोलू नका, पण बाकी सगळं बोला. चूल एक आहे हे बरंच आहे.

मुलीची मला जास्त काळजी आहे. 'सगळे खोटारडे' हे तिचं म्हणणं खोडून काढू नका, कारण तिने जे पाहिलं ते खरं आहे. माती देताना मोठी माणसं कशी उभी होती ते तिने पाहिलंय. तिच्या वयाला ते सहन न होणं हे तिच्या विश्वासाचं लक्षण आहे असं मी समजते. दृढीकरण पुढच्या वर्षी ढकललं तर आकाश कोसळत नाही. तिच्यासमोर एवढंच करा: त्या दोन मैत्रिणींकडे जाताना तिला कुठं जाताय आणि कशाला ते सांगून जा. आणि जेवणाच्या ताटावर पाळकसाहेबांचा विषय निघाला की उठू नका, ओरडू नका, नुसतं म्हणा, 'ते इथं नाहीत, त्यांच्यासमोर बोलू.' दोन-तीनदा म्हटलंत की विषय काढणारा कंटाळतो.

दुसऱ्या मंडळीत जाऊ का, याला माझं उत्तर सध्या 'नको' असं आहे, पण कायमचं नाही. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचं मार्काला प्रवासात बरोबर न्यायचं की नाही यावरून इतकं बिनसलं की दोघे वेगळ्या वाटांनी गेले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला, पौल सीलाला घेऊन निघाला. शास्त्र ते लपवत नाही. पण दोघांपैकी कोणी जाताना मंडळी फोडून बरोबर नेली नाही, आणि म्हातारपणी तुरुंगातून लिहिताना पौलाने तीमथ्याला सांगितलं, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. असं जाता येत असेल तर जाणंही चालेल. रागात, चार घरं बरोबर घेऊन, नव्या मंडळीच्या फाटकात शिरताच जुन्या पाळकांची कथा सांगत जाणार असाल, तर तुम्ही भांडण सोडलेलं नाही, त्याला नवीन पत्ता दिलात. आणि निघायचंच तर हिशोब वाचला गेल्यावर निघा, आधी नको. आधी निघालात तर दोन्ही गट म्हणतील, बघा, तिला काहीतरी माहीत होतं.

शेवटचं एक, कारण कागद तुमच्या सहीशिवायही बिशपसाहेबांकडे जाईलच. मग बहुधा दोन-तीन जणांची चौकशी समिती येईल, हॉलमध्ये बसेल, आणि सेक्रेटरी म्हणून तुम्हाला बोलावेल. पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे की दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय वडिलावरचा आरोप ऐकून घेऊ नये, आणि त्याच्याच पुढं आहे की जे खरोखर पाप करतात त्यांना सगळ्यांसमोर दोष दे. दोन्ही बाजू त्यातलं आपल्या सोयीचं वाक्य घेऊन येतील. तुम्ही जाताना घरून एक कागद लिहून न्या, त्यावर मधोमध एक रेघ ओढा. डाव्या बाजूला जे तुम्ही स्वतः पाहिलं: अमक्या रविवारी फंड जाहीर झाला, मी अमुक रुपये दिले, पावती ही, हिशोब वाचला गेला नाही, मी पत्र दिलं, पोच ही. उजव्या बाजूला जे ऐकलं, आणि प्रत्येकापुढं कोणाकडून ऐकलं त्याचं नाव. डावी बाजू वाचून दाखवा. उजवीबद्दल त्यांनी विचारलं तरच बोला, आणि नाव लिहिता आलं नसेल ते ओठांवर आणू नका. भाऊजी त्याच हॉलमध्ये बसलेले असतील. त्यांच्याकडे बघून बोला.